हातोहातीचा कडा

पाहुणे, फोटो खुशाल काढा, पण हात झटकन वर करू नका. या कड्यावरची माकडं गोफण अजून विसरलेली नाहीत, असं आमच्याकडे सांगतात. आणि खरं सांगू? ही गोष्ट मी नेहमी बसूनच सांगतो.

कड्याला ते पायरीसारखे टप्पे दिसतात ना, तिथेच हे घडलं. फार पूर्वी आमच्या वाडीत कोंडा नावाचा शेतकरी होता. त्याच्या बायकोची, येसूची, दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. तिसरं झालं आणि दृष्ट लागेल या धास्तीने ती त्याला कुणाच्या हाती देईना. सर्वांत जास्त भीती तिला शेजारच्या ठकूची. ठकूची कूस उजवली नव्हती. ती समोरून आली, की येसू पोरावर पदर ओढायची.

त्या साली माकडांनी नाचणीचा फडशा पाडला, तेव्हा कोंडाने पिंजरा लावून काही माकडिणी धरल्या. त्यांच्यात एक पिल्लू होतं. एक दमली, की दुसरी त्याला उराशी घ्यायची, दुसरी दमली, की तिसरी. कोंडलेल्या, उपाशी, तरी त्यांनी ते पिल्लू खाली ठेवलं नाही म्हणे. येसूला ते बघवेना.

“कुनाचं प्वार कुनाच्या उराशी! आईला काळीजच न्हाई,” ती म्हणायची.

एका दुपारी बांधावर टांगलेली पोराची झोळी रिकामी दिसली.

सूड म्हणून की पिल्लाच्या ओढीने, कोण सांगणार, पण रानातली टोळी तिचं पोर घेऊन कडा चढत होती. एकीच्या हातून दुसरीच्या हाती, वर, आणखी वर. पोर रडत नव्हतं. त्यानेच सगळे जास्त भ्याले. येसूने पदराचा बोळा तोंडात कोंबला. कोंडाने गोफण उचलली, तशी भिकाई सुईण त्याच्या हाताला लोंबकळली.

“मारू नगंस! भ्याली तर हात सुटंल तिचा. आधी पिंजरा खोल!”

पिंजरा उघडला. सुटलेल्या माकडिणींनी पिल्लू हातोहात वर नेलं. मग बराच वेळ काही हललंच नाही. अखेर येसूचं पोर तसंच हातोहात खाली येऊ लागलं. पण खाली माणसं बघून माकडं मधल्याच टप्प्यावर थबकली. येसूला पहिला टप्पाही चढवेना. बाकीच्या बायका ओळीने चढल्या आणि सर्वांत वर पोचली ती ठकू.

माकडिणीने पोर पुढे केलं. ठकूने हात पसरले. येसूला डोळे मिटायचे होते, पण तिने ते मिटले नाहीत. ठकूकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, असं करत पोर आईच्या हाती आलं आणि तेव्हा कुठे त्याने टाहो फोडला.

वरून ठकू विचारत होती, “रडलं का गं? येसू, रडलं का?”

आजही बारशाच्या सकाळी बायका या टप्प्यांवर ओळीने उभ्या राहतात. बाळाला वर घेऊन जाते ती मूलबाळ नसलेली बाई. आई सर्वांत खाली, रिकाम्या हातांनी. तिने ओरडायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत. बाळ तिच्या हातात रडेपर्यंत वरची बाई उतरत नाही.

गेल्या साली आमच्या नातीने रडायला वेळ लावला. वर माझी थोरली बहीण होती, तिलाही मूल नाही. “रडलं का गं?” ती विचारत राहिली, आणि नातीने टाहो फोडला तेव्हा कुठे खाली उतरली.