चार मिनिटं बाकी असताना

"मग ती टाळी नेमकी कुणाची, मास्तर? खेळी मी आखायची, कुणी कुठं धावायचं ते मी सांगायचं, आणि नाव मात्र…"

पौनीकर मास्तरांनी आपल्या पोह्यांवर आणखी थोडी तर्री घालून घेतली. मग समोरच्याच्या प्लेटीकडे बोट करून पोहेवाल्याला म्हणाले, इकडंही टाक.

श्रीरंगला तर्री नको होती, पोहेही नको होते. त्याला उत्तर हवं होतं, आणि तेही आपल्या बाजूचं.

श्रीरंग पराते म्हणजे नागपूरच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा, 'नारंगी'चा कोच. वय अडतीस, अंगात संघाचं जाकीट, बोलणं मुलाखतीत शोभेल असं. मास्तर सत्तरी ओलांडलेले. विणकर वस्तीतल्या मंडळाच्या मैदानावर त्यांनी चाळीस वर्षं पोरं घडवली, त्यातलाच हा एक. कोच झाल्यावरही त्याचा नेम सुटला नव्हता. सामन्याच्या सकाळी इथं, मैदानाशेजारच्या पोह्याच्या गाडीवर यायचं, पाया पडायचं आणि डावपेचांचा बोर्ड मास्तरांपुढं धरायचा.

आज तर शेवटचा सामना होता. अंतिम फेरीच्या तीनपैकी दोन सामने झाले, एक यांनी जिंकला, एक मुंबईच्या संघाने. चषक कुणाच्या घरी जातो ते संध्याकाळी ठरणार होतं.

मास्तरांनी बोर्ड डाव्या हातात घेतला. बाण, गोल, फुल्या, सगळं कसं नेटकं. त्यांची नजर पाच नावांवरून एकदा खाली गेली, पुन्हा वर आली. संघातला सगळ्यात नेमबाज पोरगा त्यांत नव्हता.

"जोएल कुठी हाये?"

"बाहेर ठेवतोय. निदान अर्धा सामना."

"काहून?"

"दमलाय तो, मास्तर."

आता माणूस खरं बोलत असला की एका वाक्यात उरकतो. श्रीरंगने मांडीचे स्नायू काढले, झोप काढली, अंगातलं पाणी काढलं, मुंबईवाले त्याच्यावर दोघं-दोघं लावतील हेही काढलं. पोहे गार झाले तरी त्याचं संपेना.

मास्तर नुसतं ऐकत होते. मध्येच त्यांनी कांदा मागून घेतला.

खरी गोष्ट परवाच्या सामन्यातली होती आणि ती दोघांनाही ठाऊक होती. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असलेली बरी.

परवा नारंगी नऊ गुणांनी मागे होती. लोक उठून पार्किंगकडे निघाले होते. तेवढ्यात जोएलने लांबून तीन गुणांचा एक टाकला, पडला. पुढच्या वेळी दुसरा टाकला, तोही पडला. मुंबईवाल्यांनी कसेबसे दोन गुण केले, तर याने तिसरा टाकला आणि तोही आत. नवाची पिछाडी दोनावर आली. चार मिनिटं बाकी.

मग काय विचारता. पार्किंगकडे निघालेले धावत परत आले. सहा हजार माणसं उभी राहिली, कोपऱ्यातल्या पोरांनी ढोल असा धरला की आपलं बोललेलं आपल्याला ऐकू येईना. गालाला नारंगी रंग फासलेल्या आज्या नातवंडांना खांद्यावर घेऊन ओरडत होत्या. एकच नाव, दोन तुकड्यांत तोडलेलं. जो… एल. जो… एल.

मुंबईची पोरं पार गांगरली होती. त्यांच्यातल्या एकाच्या हातून चेंडू थेट रेषेबाहेर गेला. चेंडू आपला, दम आपला, लोक आपले.

आणि श्रीरंगने टाइम आउट घेतला.

हे काय असतं ते खेळातलं शेंबडं पोरही सांगेल. समोरचा सुसाट सुटला की टाइम आउट घ्यायचा, त्याची लय मोडायला. आपलाच संघ सुटलेला असताना जो टाइम आउट घेतो, तो आपल्याच लग्नात वाजंत्री बंद करतो.

एक मिनिट खेळ थांबला. ढोल थांबले. लाउडस्पीकरवर सिमेंटची जाहिरात लागली. लोक खाली बसले. मुंबईवाले पाणी प्यायले, त्यांनी तोंडं पुसली, एकमेकांच्या पाठी थोपटल्या. श्रीरंगने बोर्डावर नवी खेळी काढली. तीत चेंडू जोएलकडे जाणारच नव्हता.

अकरा गुणांनी हरले.

दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांना त्याने सांगितलं, खेळाडूला दम खायला वेळ द्यायचा होता.

"दम कोनाले भेटला मंग?" मास्तरांनी आता पहिल्यांदा प्लेट बाजूला ठेवली.

श्रीरंग चमच्याने गार पोहे उकरू लागला.

"सांग ना."

"…त्यांना."

मास्तरांनी मान हलवली. संघाकडून त्यांना दर सामन्याला मानाचा पास यायचा, पुढच्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीचा. तो ते शेजारच्या शिंप्याला देऊन टाकत आणि स्वतः तिकीट काढून रिंगच्या मागे, स्वस्तातल्या बाकांवर बसत. परवाही तिथंच होते. ते सांगू लागले, घाई न करता. म्हणाले, माझ्या डाव्या हाताला एक बाई होती, सकाळपासून रांगेत उभी राहून आलेली. घसा बसला होता तरी ओरडत होती. शिट्टी झाली आणि तिला कळेना की आता ओरडावं की नाही. उजवीकडे रेल्वेतला एक माणूस होता, त्याने मला विचारलं, काका, खेळ काहून थांबला, कोणाले लागलं का?

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हनलं, हाव, लागलं."

मैदानावर चार-दोन पोरी सरावाला आल्या होत्या. चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. श्रीरंग तिकडे बघत राहिला. त्याला आठवलं, याच रिंगखाली तो सोळा वर्षांचा असताना राज्य अजिंक्यपदाचा शेवटचा गुण त्याने केला होता. धावत मास्तरांकडे आला होता. मास्तर म्हणाले होते, ठीक आहे, डावा हात कच्चा आहे. त्यानंतर कोच झाला, संघ अंतिम फेरीत नेला. तेव्हाही मास्तर म्हणाले, ठीक आहे.

बावीस वर्षं त्याने त्या 'ठीक'वर काढली होती. मनाला समजावलं होतं की मास्तर कुणासाठीच टाळी वाजवत नाहीत, त्यांचा स्वभावच तसा. रांधणाऱ्याला कोण विचारतं, भाव खातो तो वाढपी, असं म्हणून लोकांच्या आरोळ्याही त्याने पचवल्या होत्या.

आणि परवा…

"मास्तर, मी तुम्हाला पाहिलं."

मास्तरांनी त्याच्याकडे मान वळवली.

"तिसरा बास्केट पडला. मी रिंगच्या मागं, बाकांकडे पाहिलं. तुम्ही उभे होतात. दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होतात. त्या कालच्या पोरासाठी…" आता त्याची मुलाखतीतली भाषा कुठल्या कुठं गेली. "मले जळलं, मास्तर. लय जळलं. लोकं वरडले तं मी सहन केलं. पन तुमी उभे राह्यले. मंग मले काई दिसलंच नाई. हात आपोआप वर गेले अन् मी टाइम आउट मागतला. त्याले खाली बसवाचं होतं मले. आजबी तेच करून राह्यलो."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता मास्तर हाकलतील. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा तरी होतो.

मास्तर गुडघ्यावर हात देऊन उठले. धोतराचा सोगा खोचला. श्रीरंगच्या समोर, अगदी दोन हातांवर येऊन उभे राहिले.

आणि टाळ्या वाजवायला लागले.

आधी श्रीरंगला कळलंच नाही. मग वाटलं, थट्टा चालली आहे. पण मास्तरांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, परवासारखेच, ते मनापासून टाळ्या वाजवत होते. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं पोह्याच्या गाडीशेजारी, गार झालेल्या प्लेटीपुढं, हातात आलं होतं. डोळे भरून आले.

मास्तर थांबेनात.

पोहेवाला झारा हातात धरून बघू लागला. पोरींनी चेंडू थांबवला. सायकलवरून जाणारा एक जण पाय टेकून उभा राहिला. मास्तर आपले वाजवतायत. तळवे लाल झाले, दम लागला, कपाळावर घाम आला, तरी वाजवतायत. फक्त श्रीरंगसाठी.

त्याला आता कुठं तोंड लपवावं ते कळेना. पोरी काही न कळून त्याच्याकडे पाहत होत्या. याने नेमकं केलं तरी काय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यालाही तोच प्रश्न पडला होता. ज्या बोर्डावरून त्याने नुकतंच एक नाव काढलं होतं, तो बोर्ड बाकावर उताणा पडला होता.

"मास्तर, बस…"

टाळ्या चालूच.

"मास्तर, पाया पडतो."

ऐकतंय कोण? शेवटी त्याचे हात आपोआप वर गेले. एक पंजा आडवा, दुसऱ्या हाताची बोटं खालून त्याला उभी टेकवलेली. प्रत्येक सामन्यात करतो ती खूण. टाइम आउट.

मास्तर तिथल्या तिथं थांबले.

एवढं शांत झालं की कढईतली तर्री रटरटताना ऐकू आली. पोरी परत खेळायला लागल्या नाहीत. सायकलवाला निघून गेला. श्रीरंगचे हात तसेच छातीसमोर होते… खाली घ्यावेत हेही त्याला सुचत नव्हतं.

मास्तरांनी श्वास जागेवर येऊ दिला. मग बाकावरचा बोर्ड उचलून त्याच्या काखेत अडकवला.

"संध्याकाळी काय करू?" श्रीरंगने विचारलं.

"टाळ्या बंद करता येतात तुले, ते अख्ख्या नागपुरानं पाह्यलं," मास्तर म्हणाले. "आज चालू करून दाखव."