महाराजांचा अडलेला घोट

आईची शपथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे मी तिथे नव्हतो, आणि आईला यातलं काही विचारू नका.

एका राज्यात शूरकेतू नावाचा राजा होता. त्याने खजिन्यातला शापित मुकुट डोक्यावर चढवला, कारण तो त्याला शोभत होता. मुकुटावर कोरलं होतं: 'मान झुकेल, राज्य जाईल.' त्या दिवसापासून पाण्याचा घोट घेतला की राजाला जीव जाईल असा ठसका लागे. शेवटी त्याने पाणीच सोडलं. ओठ फुटले, डोळे खोल गेले.

मांत्रिक धूम्रनाथाने राजाच्या पोटावर सात यंत्रं काढली. पोट रंगीत झालं, ठसका तसाच.

तेव्हा मुदपाकखान्यातली सगुणा पुढे आली. "महाराज, पोटाचं राहू द्या. गळा कुणी पाहिला का?"

"कुणी नाही," खिडकीतला बगळा म्हणाला. तो बोलायचा. दरबाराला सवय होती.

"तीन घास घ्या. प्रत्येक घासानंतर नाव सांगा." सगुणाने राजाच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली.

दुधात कुस्करलेली भाकरी. कंठमणी वर गेला, खाली आला. "शूरकेतू."

घट्ट पेज. "शूरकेतू."

चमचाभर पाणी. राजाने तोंड आभाळाकडे केलं. कंठमणी हलायच्या आधीच ठसका! मग माठाच्या तळातून यावा तसा आवाज आला, "शूऽऽर..."

"पाणी घाई करतंय," सगुणा म्हणाली. "श्वासाची वाट मिटायच्या आत तिच्यात शिरतंय. मान वर करून पिऊ नका."

"मी तसंच गिळतो," बगळा म्हणाला.

"तू बगळा आहेस."

"तेही खरं."

"महाराज, हनुवटी छातीकडे घ्या."

"राज्य जाईल, सगुणा."

"आणि पाण्यावाचून तुम्ही गेलात तर?"

राजाने डोळे मिटले, मान झुकवली, घोट घेतला. कंठमणी वर, कंठमणी खाली. "शूरकेतू!" आवाज खणखणीत.

मुकुट घरंगळला. बगळ्याने सवयीने गिळला. राज्य गेलं, बगळ्याकडे. त्याने लगेच फर्मान काढलं: बेडकांनी रोज सकाळी हजेरी द्यावी.

दुपारी मुकुट त्याच्या घशात अडकला. सगुणाने पाठीत धपाटा घातला. मुकुट दोन तुकडे होऊन बाहेर पडला, शाप तुटला, राज्य राजाकडे परत आलं. धूम्रनाथाला पोट पुसायला बसवलं.

झाली गोष्ट. आता तुमच्या हातातला तो बेसनाचा लाडू इकडे द्या. मी मान खाली घालूनच खाईन. गळ्यालाही बरं, आणि तुमच्याकडे बघावं लागत नाही.