बरणीला पट्टा, पोरीला मांडी

एका गावात एक गाडी अंगणातून निघायच्या बेतात होती. मागच्या सीटवर लहान मुलांची खुर्ची बसवलेली होती. त्या खुर्चीत, सगळे पट्टे नीट आवळून, लोणच्याची बरणी बसली होती. आणि तीन वर्षांची बिट्टी पुढे आजीच्या मांडीवर, मोकळी.

हे सगळ्यांत आधी खटकलं ते सुनेत्राला, म्हणजे बिट्टीच्या आईला. पण सुनेत्राला काय, काहीही खटकायचं. कुकरची शिट्टी झाली की ती दचकायची, आणि झाली नाही की जास्तच दचकायची. कॉलेज शिकलेली बाई, पण पाल दिसली की थेट खाटेवर. त्यामुळे तिच्या 'अगंबाई'ला घरात काडीची किंमत उरली नव्हती.

"माई, ती खुर्ची बिट्टीची आहे," ती मागे बसत सासूबाईंना म्हणाली. "तिच्या मामानं पाठवलीय."

"मग? चांगलीच आहे की," माई म्हणाल्या. "बरणी कशी गच्च बसलीय बघ. जरा म्हणून डुगडुगत नाही."

बरणीचा एवढा मान का, त्यालाही कारण होतं. माईंच्या लेकीला डोहाळे लागले होते, आणि तेही आईच्या हातच्या कैरीच्या लोणच्याचे. सगळी मंडळी तिच्याकडेच निघाली होती. तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली ती चिनीमातीची बरणी वजनाला बिट्टीच्या निम्मीसुद्धा नव्हती, पण तिची काळजी मात्र दुप्पट.

"पण बिट्टीला बांधायला नको का?"

माईंनी कानांवर हात ठेवले. "काय बोलतेस गं हे! बांधून कुणाला नेतात? चौघांच्या खांद्यावर जातो, त्याला! हसत्याखेळत्या पोरीला कुणी बांधतं? निघायच्या वेळी असलं अभद्र!"

सुनेत्रा दचकली. असलं काही तिच्या मनातही नव्हतं. आता मात्र शिरलं, आणि निघेना.

"कायदा आहे, माई," ती हळूच म्हणाली. "चौदा वर्षांखालच्या मुलाला गाडीत पट्टा नाहीतर अशी खुर्ची लागतेच."

"कायद्याला नातवंडं असतात का? अगं, मांडीसारखी सुरक्षित जागा जगात नाही. चार पोरं वाढवली मी या मांडीवर. एक तरी सांडलं का?"

"जाऊ दे गं," तिचा नवरा हेमंत आरसा नीट करत म्हणाला. "इथं तर जायचंय. हळू नेतो."

सुनेत्रानं आपल्या बाजूचं दार ओढून घेतलं. आपण उगाच घाबरतो, हे तिला इतक्यांदा ऐकवलेलं होतं की आता तिलाही ते खरं वाटायचं.

गावाची वेस ओलांडली आणि गतिरोधक आला. हळू नेणाऱ्या हेमंतला तो दिसला तेव्हा पुढची चाकं त्यावरून उतरतसुद्धा होती. बिट्टी मांडीवरून उडाली, समोर कपाळ आपटून परत मांडीवर आली. फार लागलं नाही. रडायचं की हसायचं, हे तिनं जरा वेळ ठरवलं आणि हसली.

सुनेत्रानं बरणीकडे बघितलं. बरणी तसूभरही हलली नव्हती.

"गाडी थांबवा."

"काय झालं? पाल?" हेमंतनं विचारलं.

"थांबवा म्हणते ना!"

 गाडी थांबली. ती खाली उतरली, पुढचं दार उघडलं आणि माईंसमोर उभी राहिली.

"माई, तुमचंच खरं. मांडीसारखी सुरक्षित जागा नाही. तर मग बरणी मी माझ्या मांडीवर घेते. खुर्चीत बिट्टी बसेल."

माईंनी वळून बरणीकडे बघितलं. शब्द स्वतःचेच होते, खोडायचे कसे?

"दोन्ही हातांनी धर हो," त्या शेवटी म्हणाल्या. "लोणचं आहे ते!"

बिट्टी खुर्चीत बसली. एकेक पट्टा खटाखट लागला. "आई, मी लोणचं!" ती ओरडली.

"हो गं बाई, तू लोणचं. बस मुरत."

माईंची मांडी रिकामी झाली, तसा हेमंतनं त्यांनाही पट्टा लावायला लावला. "रामा रे, मलाही बांधा," असं म्हणत त्यांनी तो लावून घेतला आणि वाटभर त्या मागे वळून बरणीची खुशाली विचारत राहिल्या. सुनेत्रानं बरणी पोटाशी कवटाळली होती, हनुवटी दादऱ्यावर टेकली होती. पोटच्या पोराला कुणी धरणार नाही असं तिनं ते लोणचं धरलं होतं.

वळणावर म्हशी आडव्या आल्या. हेमंतनं करकचून ब्रेक दाबला.

बरणी गेली. सुनेत्राच्या मुठीत नुसता दादरा राहिला. दोन सीटांच्या मधून बरणी सरळ पुढे गेली आणि समोर आपटून फुटली. लाल तेलाचा फवारा फोडींसकट मागेपर्यंत उडाला. काच लाल, हेमंतची कॉलर लाल, माईंच्या अंबाड्यात मोहरी. एक म्हैस खिडकीतून आत डोकावली, शिंकली आणि निघून गेली.

"आई गं!" हेमंत ओरडला, म्हणजे तो शाबूत होता.

सुनेत्राच्या डोळ्यांत तिखट गेलं होतं. तिला काही दिसत नव्हतं. बरणीच्या जागी दुसरं कोण असतं, हे मात्र मिटल्या डोळ्यांनाही दिसत होतं.

"बिट्टी!" तिनं हाक मारली.

उत्तर नाही.

"बिट्टी! अगं बिट्टी!"

उत्तर नाही. तिचा हात चाचपडत खुर्चीपाशी गेला. पट्टा हाताला लागला, ताठ, तेलानं बुळबुळीत. आवाज मात्र नाही.

"बोलत का नाही गं ती?" माई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांचा राहिला नव्हता. लोणच्याचं नावही त्यांनी काढलं नाही. "सुनेत्रा, माझी बिट्टी बोलत का नाही? हाक मार गं, पुन्हा मार!"

"बिट्टी!" सुनेत्रानं जीव एकवटून हाक मारली.

आणि खुर्चीतून, गालात कैरीची अख्खी फोड धरलेल्या तोंडानं, कुणीतरी म्हणालं, "ओ!"

तात्पर्य: मांडीत माया असते, पण ब्रेक लागला की माया धरून ठेवू शकत नाही, ते काम पट्ट्याचं. म्हणून गाडीत लेकराला त्याच्या खुर्चीत बांधा; लोणचं काय, पुढच्या वर्षी पुन्हा घालता येतं.