ताटाचा तळ

२३ एप्रिल. सकाळपासून ढगाळ. वारा पडलेला, कपडे अंगाला चिकटतात.

“ताटं वाईट आहेत का, बाबा? तेवढं सांगा.”

मी मठात पोचलो तेव्हा विश्वासराव टेंभेकर हे विचारत होते. वडिलांच्या नावानं त्यांनी तालुक्याला निधी काढला आहे. त्यातून आसपासच्या गावांत बोअर झाल्या, दवाखान्याला खाटा मिळाल्या. आमच्या गावाला लग्नकार्यासाठी स्टीलची ताटं मिळाली आणि अंगणवाडीची खोली मंजूर झाली. खोलीच्या भिंती उभ्या आहेत, वर स्लॅब नाही.

सोमगीरबाबा ओसरीवर वाती वळत बसले होते.

“ताटं चांगली आहेत,” ते म्हणाले.

“मग समाजमंदिरात धूळ खात का पडलीत? पुढच्या आठवड्यात या कौसाबाईंच्या मुलीचं लग्न. गावात ताटं असताना यांनी शेजारच्या गावातनं भाड्यानं ठरवलीत! का म्हणून विचारलं, तर खाली बघतात.”

कौसाबाई चुलीवरून भाताचं पातेलं उतरवत होत्या. आत्ताही त्या खालीच बघत होत्या.

“माझ्या वडिलांचा अपमान आहे हा. ताटं मी परत नेतो. आणि खोलीही आहे तिथंच राहू दे. बघू दे गावाला.”

...

“जेवून जा,” बाबा म्हणाले.

पंगत बसली. आम्हा सगळ्यांपुढे पत्रावळी होत्या. विश्वासरावांचं ताट बाबांनी आतून स्वतः वाढून आणलं. भात, वर वरण.

विश्वासरावांनी ताटाची कड ओळखली. चेहरा खुलला.

“आपलंच ताट! म्हणजे मठात तरी वापरता.”

“मठाचा नियम माहीत आहे ना? ताटात काही टाकायचं नाही.”

“लहानपणापासून माहीत आहे.”

भात सरला तशी तळाशी पहिली ओळ दिसली. *कै. गणपतराव टेंभेकर यांच्या स्मरणार्थ.* विश्वासरावांनी बोटानं वरण बाजूला करून ती शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवली.

आणखी दोन घास गेले. खालची ओळ वर आली.

*गोरगरिबांसाठी सप्रेम भेट.*

मजकूर त्यांनीच सांगितला होता. त्या ताटात ते कधी जेवले नव्हते.

म्हातारा वाकला. एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचू लागला.

“गो... र... ग...”

विश्वासरावांनी उरलेला भात झटकन त्या ओळीवर सारला.

हात तिथंच राहिला.

...

“जेव ना, विश्वास,” बाबा म्हणाले.

कौसाबाई पातेलं घेऊन पुढ्यात येऊन थांबल्या.

“आणखी वाढू का, भाऊसाहेब? झाकायला?”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. विश्वासरावांची मान खाली गेली. कान लाल झाले होते.

“माझ्याकडं व्याही जेवायचेत,” कौसाबाई हळू म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडं गेल्या.

विश्वासराव जेवले. ओळ उघडी पडत गेली, तरी शेवटच्या शितापर्यंत जेवले. पंगत उठल्यावर ताट कुणाला उचलू दिलं नाही. हौदावर नेऊन स्वतः घासलं आणि परत येताना अक्षरांची बाजू छातीशी धरली.

ते बाबांसमोर येऊन उभे राहिले.

“वडिलांचं नाव राहावं, एवढंच मनात होतं माझ्या.”

“गणपतराव दर वर्षी यायचे इथं.”

“हो. मला घेऊन यायचे.”

“इथं काय काय देऊन गेले, ठाऊक आहे तुला?”

“नाही... सांगा ना.”

बाबांनी हातातली वात वळून पूर्ण केली.

“मलाही नाही.”

२ मे. कडक ऊन, संध्याकाळी थोडा वारा. कौसाबाईंच्या रेणुकेचं लग्न लागलं. पंगती निधीच्या ताटांत उठल्या. ताटांच्या तळाशी आता काही लिहिलेलं नव्हतं; सगळी घासून गुळगुळीत करून आणली होती. अंगणवाडीच्या खोलीवर परवा स्लॅब घातला.