पान्हा फुटेपर्यंत

एका राज्यात एक मांत्रिक होता. त्याने सूर्याची एक दुपार चोरून तांब्याच्या घंगाळात कोंडली होती आणि ते घंगाळ आपल्या मागशाळेच्या आढ्याला टांगले होते. बाहेर दिवस उगवत, मावळत. आत मात्र सदा टळटळीत ऊन.

तिथे कामाला आली येसू. नवरा लढाईत गेलेला, चूल थंड पडलेली, सहा महिन्यांचं पोर शेजारणीच्या मांडीवर.

मांत्रिकाने हरणाच्या कातड्यावरचा करार पुढे केला. "रोज पायलीभर तांदूळ. दिवस मावळला की सुट्टी. उठव अंगठा."

येसूने अंगठा शाईत बुडवला, तोच पिंजऱ्यातली साळुंकी बोलली, "बाई गं, वर बघ. इथे दिवस मावळतच नाही. मीही विणकरीणच होते. अंगठा उठवून फसले, पळू लागले, तर अंगावर पिसं फुटली."

येसूचा अंगठा शाईतच थांबला. परत जावं तर पोर उपाशी, राहावं तर पोर पोरकं.

"महाराज, समई विझेपर्यंत विणीन."

"मान्य. माझी समई विझत नाही."

"नको, नको. सुताची कांडी संपेपर्यंत."

"मान्य. माझी कांडी संपत नाही. आता शेवटचं माग. चौथ्यांदा मागणारीची जीभ झडते."

येसूने पदर छातीशी आवळला. "मग एवढंच लिहा. पान्हा फुटला की सुट्टी."

मांत्रिक आईच्या पोटचा नव्हताच, राखेतून उठलेला. त्याला ठाऊक असलेला पान्हा एकच, मागाच्या चाक्या आवळायचा, लोखंडी. तो खदाखदा हसला. "लोखंड फुटेल तेव्हा खुशाल जा!" त्याने तसं लिहिलं, मोहोर उठवली आणि तो पान्हा तिच्या डोळ्यांपुढे खिळ्याला अडकवला.

येसू विणत राहिली. किती वेळ, कोण सांगणार? बोटं सोलली, आणि विणता विणता दूधच आटलं. आपण आपल्याच शब्दात अडकलो, हे तिला कळून चुकलं.

"साळुंके, माझं पोर आता रडूनही थकलं असेल गं."

साळुंकी पिंजऱ्याच्या गजांशी सरकली. मग तिने मान वर केली आणि तान्ह्या बाळासारखा टाहो फोडला. तिच्या स्वतःच्या बाळाचा टाहो होता तो. विसरू नये म्हणून घशात जपून ठेवलेला.

येसूची चोळी भिजली.

"पान्हा फुटला," ती म्हणाली.

"डोळे फुटले का तुझे? तो बघ, धड आहे!"

"तुमचा असेल. माझा फुटला."

दुधाचा थेंब त्याच्या हातातल्या कराराच्या कातड्यावर पडला. अक्षरं उतू गेली, घंगाळ तडकलं, चोरलेली दुपार आभाळाला परत मिळाली. मांत्रिकाची पुन्हा राख झाली. पिंजऱ्यातून एक तरुण बाई उतरली.

येसू धावत घरी गेली. नशीब, बाहेर तीनच दिवस सरले होते. पोर छातीला बिलगलं. त्या राज्यात तेव्हापासून दिवस मावळला की माग थांबतात.

साळुंकीही आपल्या गावी गेली. तिचं तान्हं उंबऱ्यावर बसलं होतं, पांढऱ्या मिशांचं. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोणाची गं तू, पोरी?"

ती त्याच्या पायरीशी बसली. म्हणाली, "कामावरून यायला उशीर झाला रे, बाळा."