शंखाखालची किल्ली

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथलं धुकं गुरांसारखं वागायचं. संध्याकाळी गावात वस्तीला उतरायचं आणि उन्हं वर आली की डोंगरावर चरायला जायचं. त्यामुळे गावातली माणसं अर्धी जागी, अर्धी स्वप्नात असल्यासारखी वावरत. पुरती जागी असत ती फक्त रानडुकरं. ती नाचणीची शेतं तुडवून जात, म्हणून घरोघरी ठासणीची बंदूक असे, दारू भरून खुंटीला टांगलेली.

एका वर्षी पंचांनी गावाला पारावर बोलावलं आणि सांगितलं, "बंदूक पेटीत ठेवायची, पेटीला कुलूप लावायचं. पोराच्या हाती लागली, तर जाब आईबापाला."

"मी कुलूप उघडेपर्यंत डुक्कर काय पाटावर बसून राहील?" एक शिकारी म्हणाला. सगळे हसले. त्याला जोर चढला. "आज बंदूक कुठे ठेवायची ते सांगताय, उद्या मिठाची बरणी कुठे ठेवायची तेही सांगाल."

"मीठ सांडलं तर झाडून घेता येतं, बाबा," पंचांतला म्हातारा म्हणाला.

ठराव झाला. शिकाऱ्याने मग ईर्ष्येने गावातली सगळ्यांत देखणी पेटी करवून घेतली. तिला पितळेचं कुलूप लावलं, चांगलं नारळाएवढं. लोक मुद्दाम बघायला येत. पेटीतली बंदूक मात्र पूर्वीसारखीच भरलेली असे.

त्याच सुमारास शिकाऱ्याच्या धाकट्या भावाचं लग्न झालं आणि घरात नवी सून आली. शिकाऱ्याच्या आठ वर्षांच्या लेकीने हात धरून तिला घर दाखवलं.

"काकू, हा गूळ. इथे मांजरी झोपते. आणि देवघरातल्या शंखाखाली बाबांची किल्ली. कुणाला ठाऊक नाही हं."

नव्या सुनेला हसू आलं, आणि अर्ध्यावरच विरलं. मोठ्या दिरांशी बोलायची रीत नव्हती. दोन दिवस शब्द जुळवून ती दाराआडून म्हणाली, "भावोजी, किल्लीची जागा मुलीला ठाऊक आहे."

"असेना. माझी लेक शहाणी आहे," शिकारी म्हणाला आणि बायकोकडे वळला. "येऊन आठ दिवस झाले नाहीत, घरातल्या किल्ल्या शोधत फिरते."

जाऊ खुदकन हसली. नवी सून चुलीकडे वळली. पोळ्या तेवढ्या त्या दिवशी जरा करपल्या.

नाचणी पिकली. एका सकाळी शिकारी बाजाराला गेला होता. धुकं अजून रेंगाळत होतं. डोक्यावर काळ्या घोंगडीची खोळ घेऊन नवी सून शेताच्या कडेला वाकून भाजी खुडत होती. लेक अंगणात आली. धुक्यात तिला काहीतरी काळं, वाकलेलं, हळूहळू सरकणारं दिसलं. डुक्कर थांबत नाही, हे तर तिने पारावर बाबांच्याच तोंडून ऐकलं होतं. तिने शंख उचलला. पेटी उघडली. बंदूक ओढत नेऊन, बाबा टेकवतात तशी अंगणाच्या दगडी गडग्यावर टेकवली.

आवाज झाला. धुकं हललंसुद्धा नाही.

नवी सून वाचली. वैद्याने डाव्या खांद्यातले छर्रे काढले, पण तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. मुलीची मात्र वाचाच बसली. ती काकूच्या उशाशी नुसती बसून राही.

पंच बसायच्या आदल्या दिवशी जाऊ डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "घरातलं घरात राहू दे गं. पोरीने कुलूप फोडलं म्हणू. लहान आहे, तिला कोण काय करणार आहे?"

पोर तिथेच होती. ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी पारावर शिकारी म्हणाला, "मी कुलूप लावलं होतं. सगळ्या गावाने पाहिलंय. पोरगी द्वाड निघाली, त्याला मी काय करू?"

मुलीने मान खाली घातली. ही मान आता जन्मभर वर येणार नाही, असं नव्या सुनेला वाटलं. ती उठली. या वेळी मध्ये दार नव्हतं.

"ती द्वाड नाही," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी तिने मला घर दाखवलं. गूळ कुठे, मांजरी कुठे, किल्ली कुठे. मी भावोजींना एकदाच सांगितलं आणि गप्प बसले. तेवढी चूक माझी. तिची काही नाही."

म्हाताऱ्या पंचाने मुलीला जवळ घेतलं. "किल्ली कुठे होती गं, बाळ?"

कितीतरी दिवसांनी मुलीचे ओठ हलले. "शंखाखाली. बाबा ठेवतात तिथेच."

शिकाऱ्याने लेकीकडे पाहिलं. मग त्याने पागोटं काढून पंचांसमोर ठेवलं. "तिला काही विचारू नका," तो म्हणाला. "जाब माझा आहे."

बंदूक चावडीत जमा झाली. वर्षभर शिकाऱ्याने रानातल्या माळ्यावर बसून, डबा बडवत सगळ्या गावाची शेतं राखली. डुकरं पळत. कुठलंही कुलूप उघडावं लागत नसे.

नव्या सुनेचा हात केसांपर्यंत पोचत नसे, म्हणून रोज सकाळी पुतणी तिचा अंबाडा घालून देई. तो जरा वाकडाच बसे. आरसा हाताशी असून काकूने तो कधी सरळ केला नाही.

तात्पर्य: कुलूप गावाला दिसतं, किल्ली लेकरांना दिसते; म्हणून लेकरांच्या हाती जे लागतं, त्याचा जाब आईबापांनीच द्यायचा असतो.