टोपलीभर शेंगा, मूठभर बी

माळावरच्या एका झोपडीत हौसा नावाची मुलगी राहायची. आई तापानं अंथरुणाला खिळलेली आणि तान्हा भाऊ जगत होता तो त्यांच्या कबरी शेळीच्या दुधावर. उन्हाळा तर असा कडक, की माळावर गवताची काडी उरली नव्हती! कबरीचं दूध आटत आटत चमचाभरावर आलं. बाळ भुकेनं रडलं की हौसा त्याला खांद्यावर घेऊन झोपडीत येरझाऱ्या घालायची.

एके सकाळी ती बाभूळवनात शेंगा शोधायला गेली. बघते तर काय, काट्यांत एक पिवळंधमक गोंडेदार फूल अडकून थरथरत होतं! हौसानं हळूच हात घातला. बोटांतून रक्त आलं, पण फूल सुटलं. आणि अहाहा! फूल कुठलं, ती तर चिमुकली परी होती! पिवळाजर्द झगा, पंखांवर सोनेरी धुळीची लुकलुक. बाभळीची परी बाभळीच्याच काट्यात अडकली, आहे की नाही गंमत?

“माग गं बाई, काय हवं ते,” परी म्हणाली.

“कबरीला टोपलीभर शेंगा दे. बाळाला दूध हवंय.”

“देते. पण माझ्या वनात बघ, सगळी झाडं म्हातारी. शेंगा सगळे नेतात, बी कुणी ठेवत नाही. म्हणून परवा दिवस मावळायच्या आत मूठभर बी मला परत आण. नाहीतर कबरीचं दूध कायमचं आटेल हं!”

सळसळ झाली आणि टोपली शेंगांनी भरली.

घरी येऊन हौसा आईला पाणी द्यायला वळली मात्र, कबरीनं बियांसकट सगळी टोपली फस्त केली! हौसाच्या तोंडचं पाणीच पळालं. दूध वाढलं खरं, पण आता बी आणायचं कुठून?

तिसऱ्या दिवशी शेळीची जागा झाडताना ती थबकली. लेंड्यांमध्ये तपकिरी बिया चकाकत होत्या! तिनं त्या वेचल्या, धुतल्या आणि धावत वन गाठलं. सूर्य टेकत आला होता.

“रागावू नकोस गं,” ती खाली मान घालून म्हणाली, “पण हे कबरीच्या पोटातनं आलंय.”

परी खुदकन हसली. “अगं वेडे, हे बी फार टणक असतं. शेळीच्या पोटातून आलेलं लवकर रुजतं! फक्त कोंबांना शेळ्यांचं तोंड लागू देऊ नकोस.”

हौसानं बी पेरलं, भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. परीनं पंख झटकले. मातीतून टिचभर हिरवे कोंब वर आले, एक, दोन, कितीतरी! हौसा श्वास रोखून बघतच राहिली.

“हे कुंपण राखशील, तोवर खाली पडलेली पिकली शेंग तुझ्या कबरीची,” परी म्हणाली आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली.

घरी कबरीनं भांडंभर दूध दिलं. बाळानं पोटभर पिऊन चक्क ढेकर दिला. हौसा हसायला लागली आणि हसता हसता तिला रडूच कोसळलं.